वेग वाढताच स्टीअरिंग का थरथरते? महामार्गावरील कंपाचे निदान करण्याची योग्य पद्धत

बंगळुरू : शहराच्या रहदारीत निमूटपणे चालणारी मोटार महामार्गावर ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडते आणि चालकाच्या हातातील स्टीअरिंग थरथरू लागते. वेग उतरला की कंप थांबतो आणि मोटार निर्दोष असल्यासारखी पुन्हा चालू लागते. हा अनुभव अनेक वाहनधारकांना परिचित आहे. त्यावर सर्वसाधारणपणे दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटते. काही जण वेग थोडा कमी ठेवून त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण गॅरेजमध्ये जाऊन सांगितले जाईल ते काम करून घेतात. पहिल्या पद्धतीत जिवाला धोका संभवतो आणि दुसऱ्या पद्धतीत खर्च होऊनही दोष तसाच राहू शकतो. कंप कोणत्या वेगाला, मोटारीच्या कोणत्या भागात आणि कोणत्या कृतीच्या वेळी जाणवतो, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी टिपून ठेवली, तर कारण बहुतेक वेळा गॅरेजच्या दारात पोहोचण्यापूर्वीच निश्चित होऊ शकते.

बंगळुरूसारख्या महानगरात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. टॉमटॉम या संस्थेच्या २०२३ च्या वाहतूक निर्देशांकानुसार या शहराच्या मध्यवर्ती भागात १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होते. म्हणजे ताशी सरासरी वेग जेमतेम २१ किलोमीटर होतो. आठवडाभर या वेगाने चालणारी मोटार शनिवारी केंगेरी ओलांडून म्हैसूरच्या द्रुतगती मार्गाला लागते आणि काही मिनिटांतच तिचा वेग पाचपट होतो. शहरात दडून राहिलेला दोष तेथे प्रथमच प्रकट होतो. सण-उत्सवांसाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगावमार्गे कोल्हापूर किंवा पुण्याकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांनाही नेलमंगल सोडल्यानंतरच मोटारीची खरी प्रकृती कळते.

शहरात कंप का जाणवत नाही?

चाक गोल फिरत असताना त्याच्या परिघावर एका बाजूस थोडे जरी अधिक वजन असेल, तरी ते वजन चाकाला सतत बाहेरच्या दिशेने ओढत राहते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते आणि वेग पाचपट झाला की ती पंचवीसपट होते.

प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. अनेक मोटारींना बसवला जाणारा १८५/६५ आर १५ या मापाचा टायर घेतला, तर त्याचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक दर सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. रिमच्या कडेला केवळ ३० ग्रॅमचा असमतोल असेल, तर या वेगाला त्यातून सुमारे साडेचार किलो वजनाइतकी ओढ निर्माण होते आणि तिची दिशा सेकंदाला १४ वेळा फिरते. ताशी ५० किलोमीटरला हीच ओढ सव्वा किलोपेक्षा कमी असते आणि ताशी २० किलोमीटरला ती २०० ग्रॅमच्याही खाली जाते. शहरातील मंद गतीत ती हाताला जाणवणे शक्यच नसते.

दुसरे कारण अनुनादाचे आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वाभाविक लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो. त्याचप्रमाणे मोटारीचे सस्पेन्शन, पुढील चाकांची जोडणी आणि स्टीअरिंगची यंत्रणा यांची स्वतःची एक लय असते. अनेक मोटारींत ही लय सेकंदाला साधारण १० ते १५ आवर्तने इतकी असते. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या लयीशी जुळली की छोटा असमतोलही मोठा भासतो. त्यामुळेच कंप ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान सर्वाधिक जाणवतो आणि काही मोटारींत १२० च्या पुढे तो कमी झाल्यासारखा वाटतो. वेग वाढवल्यावर कंप नाहीसा झाला म्हणजे दोष गेला, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरते. ओढ वाढलेलीच असते, फक्त लय जुळत नसते.

प्रथम रस्ता निर्दोष आहे का ते पाहावे

निदानाची सुरुवात मोटारीपासून न करता रस्त्यापासून करणे श्रेयस्कर असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारख्या काँक्रीटच्या रस्त्यांवर पृष्ठभागातील जोडांमुळे ठराविक अंतराने ठोके बसतात. उड्डाणपुलांवर प्रसरणासाठी ठेवलेल्या सांध्यांवरूनही असेच धक्के जाणवतात. पृष्ठभाग बदलताच किंवा मार्गिका बदलताच कंप थांबत असेल, तर त्याचे मूळ रस्त्यात आहे. सपाट डांबरी रस्त्यावर, वेगवेगळ्या ठिकाणी, त्याच वेगाला कंप पुन्हा पुन्हा येत असेल, तरच तो मोटारीचा मानावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अनेक दिवस एकाच जागी उभ्या असलेल्या मोटारीच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा होतो. अशी मोटार सुरुवातीचे काही किलोमीटर थरथरते आणि टायर तापल्यावर ते आपोआप पूर्ववत होतात. म्हणून १५ ते २० किलोमीटर अंतर कापल्यानंतर राहिलेला कंपच निदानासाठी ग्राह्य धरावा. हवेचा दाबही प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे तपासलेला असावा.

कंप कोठे जाणवतो?

कंप प्रामुख्याने स्टीअरिंगमध्ये जाणवत असेल, तर संशय पुढील चाकांवर जातो, कारण स्टीअरिंगची जोडणी त्यांच्याशीच असते. हात स्थिर आणि आसन किंवा पायाखालची फरशी थरथरत असेल, तर मागील चाके तपासावी लागतात. ब्रेक दाबतानाच स्टीअरिंग आणि पेडल यांत कंप येत असेल, तर तो ब्रेकच्या डिस्कचा दोष असण्याची शक्यता अधिक असते. वेग वाढवण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला असता कंप येतो आणि पाय सैल सोडताच तो जातो, अशा वेळी चाकाला गती पोहोचवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा विचार करावा लागतो.

कंपाचा पोतही बरेच काही सांगतो. चाकातून येणारा कंप सेकंदाला १० ते १५ वेळा होणारा, ठळक, जवळजवळ मोजता येईल असा असतो. इंजिनातून येणारा कंप याहून कितीतरी सूक्ष्म, मुंग्या आल्यासारखा भासतो. या दोहोंतील फरक पडताळण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेग कायम ठेवून एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढतात, पण चाकाचे तेवढेच राहतात. कंप तसाच राहिला तर कारण चाकाकडे आहे, बदलला तर इंजिन किंवा त्याच्या माउंटिंगकडे आहे. ही चाचणी करण्यासाठी मोटार न्यूट्रलमध्ये टाकून धावती ठेवण्याचा प्रकार मात्र टाळावा, कारण त्यामुळे वेगावरील इंजिनाचे नियंत्रण नाहीसे होते.

मागील चाकांना गती देणाऱ्या मोठ्या मोटारींत एक निराळे कारण संभवते. त्यांतील लांब प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या सुमारे तीन ते चार पट वेगाने फिरतो. त्याचा किंवा त्याच्या सांध्याचा दोष असेल, तर थरथरीपेक्षा फरशीतून येणारी एकसुरी घरघर अधिक जाणवते.

सर्वांत संभाव्य कारण : चाकांचा असमतोल

ठराविक वेगमर्यादेत, ब्रेक न दाबताही येणाऱ्या कंपामागे बहुधा चाकांचा असमतोल असतो. तो दूर करण्यासाठी रिमवर शिशाची किंवा जस्ताची छोटी वजने लावली जातात. अलॉय व्हीलवर ती आतील बाजूस चिकटवलेली असतात. धुलाईत, खड्ड्यात किंवा जुन्या चिकटपट्टीमुळे एखादे वजन गळून पडले की समतोल बिघडतो. रिमच्या आतील पृष्ठभागावर स्वच्छ चौकोनी डाग दिसत असेल आणि त्यावर वजन नसेल, तर तो या गोष्टीचा थेट पुरावा असतो.

पावसाळ्यात याहूनही साधे कारण आढळते. कच्च्या किंवा चिखलाच्या रस्त्यावरून आल्यानंतर रिमच्या आत चिखलाचा गोळा वाळून बसतो. त्याचे वजन ३० ग्रॅमपेक्षा सहज अधिक भरते. पावसातील प्रवासानंतर अचानक सुरू झालेला कंप चाके आतून स्वच्छ धुतल्यावर थांबल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. म्हणून गॅरेज गाठण्यापूर्वी पाण्याची नळी हाती घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

बॅलन्सिंग करून घेतानाही काही दक्षता आवश्यक असते. चाक यंत्रावर चढवण्यापूर्वी ते स्वच्छ केलेले असावे, त्यावरील जुनी वजने काढलेली असावीत आणि वजने लावल्यानंतर चाक पुन्हा फिरवून यंत्राच्या पडद्यावर दोन्ही बाजूंस शून्य आल्याची खात्री करावी. याच वेळी फिरत्या चाकाकडे बाजूने आणि समोरून पाहावे. रिमची कड डावी-उजवीकडे डोलत असेल किंवा टायरचा पृष्ठभाग वर-खाली होत असेल, तर दोष वजनाचा नसून आकाराचा आहे. वाकलेल्या रिमवर वजने लावून यंत्राचे आकडे शून्यावर आणता येतात, पण गोल नसलेले चाक रस्त्यावर धक्के देतच राहते. बॅलन्सिंग झाले आणि तरीही कंप कायम राहिला, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे असते.

खड्डे, रिम आणि टायरच्या आतील इजा

खड्ड्यात जोराने आदळलेले चाक तीन प्रकारे बिघडू शकते. पोलादी रिम वाकते. अलॉय व्हील वाकते किंवा त्याला तडा जातो. तिसरी इजा टायरच्या आत होते आणि तीच सर्वांत घातक असते. टायरच्या कडेच्या भागातील धागे तुटले की तेथे फुगा येतो. पृष्ठभागाखालील पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटू लागले की टायरवर उंचवटा तयार होतो.

असमतोल आणि ही इजा यांतील भेद ओळखणे हा संपूर्ण निदानाचा गाभा आहे. असमतोलाचा कंप मंद गतीला जाणवत नाही. टायरचे पट्टे सुटत असतील, तर मात्र ताशी २० ते ४० किलोमीटर वेगालाही मोटार डुलल्यासारखी वाटते, स्टीअरिंग आलटून पालटून डावी-उजवीकडे हलते आणि दर प्रवासागणिक हा त्रास वाढत जातो. अशा टायरचा पृष्ठभाग महामार्गाच्या वेगाला उष्णतेमुळे पूर्णपणे उखडू शकतो.

त्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे अमेरिकेतील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने पृष्ठभाग सुटण्याच्या तक्रारींनंतर सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या वाहनाला बसवलेले होते. या दोषाशी संबंधित २७१ मृत्यूंची नोंद तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेने केली. भारतातही धोका कमी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील रस्ते अपघातांपैकी सुमारे ३३ टक्के अपघात, पण सुमारे ३६ टक्के मृत्यू, राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्गांवर झाले.

टायरची नक्षी किती उरली आहे, हेही पाहावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे बंधनकारक आहे. टायरच्या कडेवर लंबवर्तुळात कोरलेले चार अंक त्याचे वय सांगतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शहरात कमी चालणाऱ्या मोटारीचे टायर नक्षीने नवे दिसले, तरी वयाने जुने आणि रबराने कडक झालेले असू शकतात.

अलाइनमेंटविषयीचा गैरसमज

स्टीअरिंग थरथरते असे सांगताच अनेक ठिकाणी प्रथम अलाइनमेंट करण्याचा सल्ला दिला जातो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन योग्य ठेवणे. हे कोन बिघडले की मोटार एका बाजूला ओढली जाते, सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग तिरके राहते आणि टायर एका कडेने झिजतात. त्यातून कंप मात्र सहसा थेट निर्माण होत नाही. बिघडलेल्या कोनामुळे टायर दीर्घकाळ वेडेवाकडे झिजले, तर त्या झिजेमुळे कंप आणि घरघर सुरू होते. पण एकदा झिजलेला टायर नंतरच्या अलाइनमेंटने पूर्ववत होत नाही. म्हणून मोटार एका बाजूला जाते की थरथरते, हे गॅरेजमध्ये स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक ठरते.

ब्रेक दाबताना येणारा कंप

मोटार एरवी स्थिर चालते, पण ताशी ९० किलोमीटर वेगावरून ब्रेक दाबताच स्टीअरिंग हादरते, हे लक्षण बहुधा पुढील डिस्कच्या असमान जाडीचे असते. डिस्क गरम होऊन वाकली, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अनेकदा डिस्क हबवर नीट न बसल्याने ती असमान झिजलेली असते किंवा तिच्यावर ब्रेक पॅडचा थर कमी-अधिक प्रमाणात चिकटलेला असतो. जाडीतील एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकदेखील पेडलपर्यंत पोहोचतो.

घाट उतरून आल्यानंतर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून धरून बराच वेळ उभे राहिल्यास पॅडचा ठसा डिस्कवर उमटू शकतो. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरणे आणि थांबल्यावर शक्य तेथे पेडल सैल करणे हा त्यावरील प्रतिबंध आहे. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. घासून समतल केल्यानंतर जाडी त्याखाली जाणार असेल, तर डिस्क बदलणे हाच पर्याय उरतो.

बसवण्यातील चुका आणि झिजलेले सांधे

पंक्चर काढल्यानंतर, टायर बदलल्यानंतर किंवा नवी अलॉय व्हील बसवल्यानंतर लगेच कंप सुरू झाला, तर दोष त्या कामातच शोधावा. हबच्या पृष्ठभागावरील गंज किंवा माती न काढता चाक बसवले की ते किंचित तिरके बसते. नट क्रमाने शेजारी-शेजारी न आवळता समोरासमोरच्या जोडीने आवळावे लागतात आणि अखेरीस टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाप्रमाणे घट्ट करावे लागतात. बाहेरून घेतलेल्या काही अलॉय व्हीलचे मधले छिद्र मोटारीच्या हबपेक्षा मोठे असते. अशा वेळी मधल्या फटीत योग्य मापाची कडी बसवली नाही, तर चाक केंद्रस्थानी बसत नाही आणि कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी कंप जात नाही.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश हे भाग झिजले, तर ते स्वतः सहसा कंप निर्माण करत नाहीत, पण लहान असमतोल मोठा करून स्टीअरिंगपर्यंत पोहोचवतात. बेअरिंग खराब असेल, तर गुणगुणण्यासारखा आवाज येतो आणि लांब वळणावर, भार एका बाजूला गेल्यावर, तो वाढतो किंवा कमी होतो. मोटार उचलून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिले की यांतील ढिलेपणा लगेच समजतो.

तपासणीचा क्रम

स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून महाग कामाकडे जाणे हितकारक असते. हवेचा दाब, चाकांची आतून सफाई आणि नटांची घट्टता प्रथम पाहावी. त्यानंतर टायरवरून हात फिरवून फुगा, उंचवटा किंवा असमान झीज शोधावी. पुढची पायरी चारही चाकांच्या बॅलन्सिंगची आहे. त्याचा खर्च साधारणतः काही शे रुपयांत भागतो.

तरीही कंप राहिल्यास, टायर निर्धोक असल्याची खात्री करून, पुढील चाके त्याच बाजूला मागे आणि मागील चाके पुढे बसवावीत. कंप स्टीअरिंगमधून आसनाकडे सरकला, तर दोष हलवलेल्या चाकांत आहे. तो स्टीअरिंगमध्येच राहिला, तर हब, बेअरिंग, सांधे आणि शाफ्ट यांच्याकडे वळावे. ही साधी अदलाबदल करण्यापूर्वी सस्पेन्शनचे महाग भाग बदलण्यास संमती देऊ नये. जुने भाग बदललेच, तर ते परत मागून झीज प्रत्यक्ष पाहावी. बंगळुरूत जे. सी. रोडसारख्या बाजारात सुटे भाग सहज मिळतात, पण भाग मिळणे सोपे झाले म्हणून निदानाची पायरी वगळता येत नाही.

कधी थांबावे?

कंप अचानक सुरू झाला, क्षणाक्षणाला वाढत गेला, मंद गतीलाही राहिला, त्यासोबत ठोक्यांचा आवाज आला किंवा मोटार एका बाजूला ओढली जाऊ लागली, तर पुढील गावापर्यंत जाण्याचा विचार करू नये. असा कंप ढिल्या नटांचा किंवा सुटत चाललेल्या टायरचा असू शकतो. जोरात ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, दोन्ही हातांनी स्टीअरिंग सरळ धरावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि डावीकडे रस्त्याबाहेर सुरक्षित जागी थांबावे. प्रवाशांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक उपलब्ध आहे. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल, तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते.

बंगळुरू ते पुणे हे सुमारे ८४० किलोमीटरचे अंतर कापताना मोटारीचे प्रत्येक चाक जवळपास ४ लाख ३० हजार फेरे घेते आणि चाकातील दोष त्या प्रत्येक फेरीत टायर, बेअरिंग व सांधे यांच्यावर आघात करत राहतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघण्याच्या किमान दोन दिवस आधी, जवळच्या मोकळ्या मार्गावर, विहित वेगमर्यादेत २०-२५ किलोमीटरची फेरी मारून मोटार पारखून घेणे इष्ट ठरते. बंगळुरू-म्हैसूर मार्गावर ही मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. दोष आढळला तर दुरुस्तीसाठी दोन दिवस हाताशी राहतात आणि तो शोधण्याची वेळ भरधाव रहदारीच्या मधोमध येत नाही.